ताजे आणि शिळे

हैदराबादेतील एका कार्यालयाच्या संगणकशाखेत आमची काही वर्षे गेली. मूळ वेतन व सेवेची वर्षे भरली की निवृत्तिवेतनाचा आकडा सांगणारे तेथील पान कोल्डफ्यूजनमध्ये बांधलेले होते. त्या भाषेत 2002 साली ‘कंपोनंट’ आले. हिशेबाचे सारे नियम अशाच एका कंपोनंटात होते. प्रत्येक मागणीस तो नव्याने घडविणे खर्चाचे. म्हणून एकदा घडवून सर्व्हरच्या स्मृतीत ठेवावयाचा. हीच कॅश. मात्र मूळ फाईल बदलली तरी स्मृतीतील प्रत जुनीच राहते. ती पालटण्यासाठी आम्ही एक खास पत्ता योजला होता. तो उघडला की जुना कंपोनंट जाई, नवा येई.

एका सायंकाळी आम्ही एक नियम दुरुस्त केला, तो पत्ता उघडला, नवा आकडा पाहिला आणि समाधानाने घरी गेलो. सकाळी एका वृद्ध मराठी गृहस्थांचा फोन आला. पान उघडावे तसा आकडा बदलतो, अशी त्यांची तक्रार. आम्ही पाहिले, आकडा बरोबर होता. “आपल्या पाहण्यात चूक होत असेल,” आम्ही म्हणालो. “असेल बुवा,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते ‘असेल’ दुपारपर्यंत बोचत राहिले. मग उमगले: सर्व्हर चार होते! पुढे उभा असलेला लोड बॅलन्सर लोकांस पाळीपाळीने चौघांकडे धाडी. आम्हां लॉगिन केलेल्यांस मात्र नेमलेल्या एकाकडेच नेई. आमचा हुकूम त्या एकालाच पोचला होता. उरलेले तिघे प्रामाणिकपणे शिळे वाढीत होते.

मग हुकूम सोडणे थांबविले. डेटाबेसात आवृत्तीचा क्रमांक ठेवला. प्रत्येक सर्व्हरने दर मिनिटास तो पाहावा. निराळा दिसल्यास कुलूप घालून एकदाच नवा कंपोनंट घडवावा, तोवर जुन्यावर भागवावे. मिनिटभर मतभेद राहतो, परंतु मिटतो.

संगणकशास्त्रात खरी अवघड कामे दोनच, कॅशमधील शिळे काढून टाकणे आणि वस्तूंना नावे ठेवणे, अशा अर्थाची एक उक्ती फिल कार्लटन यांच्या नावावर सांगतात. पहिले आम्हांस साधले नव्हते; दुसरे मात्र किती सहज जमले! आम्ही त्या गृहस्थांनाच नावे ठेवून मोकळे झालो होतो.

सायंकाळी फोन करून क्षमा मागितली. ते हसले. “बरे झाले सांगितलेत,” म्हणाले, “सकाळपासून चष्माच पुसतो आहे.”