शाळा सोडल्याचा दाखला

घरात सगळ्यांत कमी बोलणारा आणि सगळ्यांत जास्त ऐकला जाणारा इसम म्हणजे दाखला. मुक्काम कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या शेजारी. घड्यांवर विरलेला, पाठीला चिकटपट्टी, मुख्याध्यापकांचा जांभळा शिक्का निम्मा उडालेला. पण टेबलावर ठेवला की रुबाब बघावा. तुम्ही समोर धडधडीत उभे असता, तरी साहेब वाचतात त्याला.

स्वभाव हेकट. देणाऱ्या अधिकाऱ्याखेरीज कोणी नोंदीत फेरफार करायचा नाही, हा दम अंगावरच छापलेला. आणि एवढी ऐट कशाच्या जोरावर, तर सगळ्या ऐकीव माहितीच्या! मास्तरांनी विचारलं, “पोरगा कधीचा?” आई म्हणाली, “पानशेत फुटलं ना, त्याच आठवड्यातला.” मास्तरांनी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते पाहिलं. पोचला. मग रकान्यात लिहिलं, 1 जून 1961. खाली अक्षरी, एक जून एकोणीसशे एकसष्ट. पानशेत फुटलं 12 जुलैला. पण शाळा जूनमध्ये भरते, हिशेबाला बरं.

अशी एक जूनची पिढीच्या पिढी महाराष्ट्रात आहे. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो, म्हणून 31 मे रोजी कचेऱ्या-कचेऱ्यांत नारळ-शालींची एकच झुंबड. आईच्या आठवणीतला तो मुलगा अठ्ठावन्न पुरी करून 31 जुलै 2019ला घरी गेला असता. दाखल्यातला 31 मेलाच गेला. दोन महिन्यांचा पगार आईच्या बाजूने साक्ष द्यायला आला नाही.

माणूस काल होता तोच आज आहे, हे त्याच्या आठवणीवरून ठरतं, असं जॉन लॉकने 1694 साली मांडलं. लॉकसाहेबांना पंचायत समितीत काम पडलेलं दिसत नाही. आमच्याकडे स्वतःचा जन्म कोणाला आठवत नाही आणि ज्या माउलीला आठवतो तिचं कोणी लिहून घेत नाही. 1902 साली अमेरिकेच्या चार्ल्स कूलीने म्हटलं, लोकांच्या नजरेच्या आरशात पाहत आपण स्वतःला घडवतो. हे दाखल्याच्या जवळ जातं, पण पुरतं नाही. आरशात केस पांढरे तरी होतात.

याचं मूळ घराणं म्हणजे जनरल रजिस्टर. साताऱ्याच्या गव्हर्नमेंट हायस्कूलच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी, 1914 क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. पुढे भिवाचे भीमराव, भीमरावांचे बाबासाहेब झाले. रजिस्टरात मात्र भिवाच. तो दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. क्वचित एखाद्या नोंदीला असं भाग्य लाभतं.

बाकीच्यांची मात्र दमछाक होते, विशेषतः जातीच्या रकान्यापाशी. नातवाला जातीचं प्रमाणपत्र हवं, तर विचारणा आजोबांच्या दाखल्याकडे. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950च्या आधीचा. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरं धूळ झटकून उघडली, मोडी वाचणारे शोधून आणले. त्या काळी कोण्या मास्तरांनी घाईत काय खरडलं, त्यावर आज कोणाची फी माफ व्हायची ते ठरतं.

एक रकाना तेवढा उदार: वर्तणूक. मास्तरांच्या खुर्चीला खाजकुइली लावणारा असो की पहिल्या बाकावरचा हुशार, सगळ्यांची ‘चांगली’. याची मला फार मौज वाटते. इतक्या कडक माणसाने इतकं राजरोस खोटं बोलावं!

बायकांशी याचं नातं वेगळं. लग्नानंतर रेशनकार्डावर, बँकेत, आधारवर सासरचं नाव चढतं. माहेरचं नाव धरून बसलेला हा एकटाच. त्यामुळे पन्नाशीची बाई पेन्शनच्या कामाला जाते तेव्हा खिडकीमागचा बाबू दोन कागद शेजारी ठेवून विचारतो, “यातल्या तुम्ही कोण?”

“दोन्ही.”

“मग प्रतिज्ञापत्र आणा. ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’ असं लिहून. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची झेरॉक्स. आणि दाखला मूळ आणा, ताई, ही दुबार प्रत चालणार नाही.”