परसातला तरवड

जुन्या मराठी वाड्यांत परस हा घराचाच एक भाग मानला जाई. आडाचे सांडपाणी केळीच्या आळ्यात जाई, उरलेले कढीलिंबाला. आता निर्मलमध्ये आड बुजले, बोअर आल्या, आणि मागील दारी हिरवळ करण्याची हौस आली. मे महिन्यात येथे पारा कधीकधी पंचेचाळीस अंशांना टेकतो. त्या उन्हात हिरवळ जगविणे म्हणजे पिण्याचे पाणी गवताला घालणेच होय.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही वडिलार्जित घरी परतलो. जागा मुरमाड. अशा भूमीत काय तगते, हे कळण्यास ग्रंथ चाळावे लागत नाहीत. गावाबाहेरचा माळ पाहिला की पुरे. तरवडाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाच्या कडेने तोच लावला. शमीचे मूळ खोल जाते. तिला मागील बाजूस जागा दिली, शेजारी आपटा. मृगाच्या पावसावर रोपे लावली, आळ्यांत पालापाचोळा पसरला, गच्चीचे पाणी शोषखड्ड्यात सोडले. पहिले दोन उन्हाळे आठवड्यास एकेक घागर. पुढे तीही नाही. सीताफळही लावले. नावात सीता असली तरी ते मूळचे अमेरिका खंडातले. पण इतक्या पिढ्यांनंतर त्यास परके म्हणण्याचा अधिकार निदान आम्हां मराठी मंडळींना येथे नसावा!

रानातले झुडूप कुणी अंगणात लावते काय, म्हणून काहींनी नाक मुरडले. परंतु हाच तरवड तेलुगूत तंगेडू, म्हणजे तेलंगणाचे राज्यपुष्प. आणि शमी म्हणजे जम्मी, राज्यवृक्ष. भाद्रपदी अमावास्येला बतुकम्मा सुरू झाली की गल्लीतल्या लेकीसुना टोपल्या घेऊन फाटकाशी येतात. दसऱ्यास आम्ही आपट्याची पाने देतो, शेजारी जम्मीची. २०१६ साली आदिलाबादपासून निर्मल जिल्हा वेगळा झाला, तोही ११ ऑक्टोबरला, दसऱ्याच्याच दिवशी.

खरा जीव मात्र उत्तरेच्या कोपऱ्यातल्या पोनिकीत गुंतला आहे. निर्मलची लाकडी खेळणी याच झाडाच्या मऊ, हलक्या लाकडाची. चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांनी ती सांधतात. २००९ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, पण जवळच्या रानांत पोनिकी दुर्मिळ होत गेली. पाऊस सरल्यावर ती पाने गाळून उघडी होते. पाहुणे ती वाळली असेच समजतात. परिचयातल्या एका कारागिराने परवा खोड कवेत घेऊन मापले आणि, "अजून बरीच वर्षे थांबावे लागेल, साहेब," म्हणाला.

तितकी वर्षे आमच्यापाशी नाहीत. मुले हैदराबादेस स्थिरावली. आमच्यामागे घर विकले जाणार, हे आम्ही जाणतो. खरेदीखतात एका झाडापुरती अट घालता येते काय, असे वकिलांना विचारून ठेवले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.