वस्तीची गाडी

परवा सकाळी दहा वाजता मला २५ फूट लांबीची एक आरव्ही भाड्याने मिळणार आहे. आरव्ही म्हणजे घर आणि गाडी एकत्र. पुढे दोन सीट, मागे ओटा, फ्रिज, टेबल, संडास-बाथरूम आणि दोन पलंग. तीत आई-बाबांना बसवून मी ऑरेगनच्या किनाऱ्यावर नेणार आहे. नोव्हेंबरात, भर पावसात.

ऑफिसमध्ये ज्याला सांगितलं त्याने एकच विचारलं, "उन्हाळ्यात का नाही?" उन्हाळ्यात इथले कॅम्पग्राउंड भरलेले असतात, आरव्हीचं भाडं चढलेलं असतं, आणि आमच्या गावात तेव्हा लावणी चालू असते. भातकापणी आणि दिवाळी उरकल्यावरच ते दोघं विमानात बसले. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांना पावसाची भीती काय घालायची, असं मला वाटलं होतं.

हा पाऊस वेगळा आहे, हे मला आकडे बघताना कळलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून मोकळा होतो. इथल्या अस्टोरियाला साधारण १,७०० मिलिमीटर, म्हणजे निम्म्याच्या थोडा वर. पण तो ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रेंगाळतो. बारीक, थंड, वाऱ्याबरोबर आडवा येणारा. आपल्याकडे भिजलेला टॉवेल पंख्याखाली टाकला की संध्याकाळपर्यंत जमतं. इथे दहा अंशांत तो तीन दिवस तसाच राहतो.

आरव्हीत तर आणखी पंचाईत. तीन माणसांचा श्वास, ओल्या जॅकेटांची वाफ आणि आईच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, हे सगळं थंड काचेवर पाणी होऊन बसतं आणि सकाळी गादीची कड ओली लागते. उपाय विचित्र आहे: बाहेर पाऊस असतानाही छताची झडप बोटभर उघडी ठेवायची आणि आत हीटर चालवायचा. विजेचंही तसंच. कॅम्पग्राउंडवर ३० अँपिअरचा प्लग मिळतो. इथे १२० व्होल्ट, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. छोटा हीटर १,५०० खातो, चहाची किटली १,५००. वर कोणी मायक्रोवेव्ह लावला की अंधार. सांडपाण्याच्या दोन टाक्या, एक भांडी-आंघोळीची, एक संडासाची. दोन्ही कधी भरतील याचा हिशोब. मी या सगळ्याची एक एक्सेल शीट केली आणि तिला 'कोस्ट ट्रिप फायनल' असं नाव दिलं. सॉफ्टवेअरमधल्या कुणालाही कळेल की इथेच पाल चुकचुकायला हवी होती.

पहिला प्लॅन असा होता: बीव्हरटनहून निघायचं, वर अस्टोरियाजवळच्या फोर्ट स्टीव्हन्सला पहिला मुक्काम, मग हायवे १०१ ने किनाऱ्याकिनाऱ्याने खाली कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळच्या ब्रूकिंग्सपर्यंत. पाच दिवस, चार मुक्काम, रोज सकाळी आठला प्रस्थान. ऑरेगनचा सगळा किनारा १९६७ च्या कायद्याने लोकांना खुला आहे, तर मग सगळाच दाखवावा ना.

सप्टेंबरात मी हे व्हिडिओ कॉलवर घरी सांगितलं. माझी रात्र, त्यांची सकाळ. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी आरव्हीचा आतला व्हिडिओ दाखवला. आई खूश. ओटा बघून म्हणाली, "अगं बाई, माझ्यापेक्षा बरा आहे." बाबा शेवटपर्यंत बघत राहिले. मग विचारलं, "म्हणजे गाडीतच झोपायचं?"

"हो! मस्त ना?"

"बरं," म्हणाले आणि उठून गेले.

आईने फोन हातात घेऊन पडवीत आणला. हळू आवाजात म्हणाली, "अगं, त्यांनी जन्मभर तेच केलं ना गं."

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ३१ वर्षं. त्यातली बरीचशी वस्तीच्या गाड्यांवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वस्तीची गाडी म्हणजे तालुक्याहून संध्याकाळी सुटणारी शेवटची एसटी. रात्री शेवटच्या गावात पोचते, तिथेच थांबते आणि पहाटे लोकांना घेऊन परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर त्या गावात राहतात. बाबा बहुतेक वेळा गाडीतच, सीटवर वळकटी पसरून झोपायचे. नोकरीच तशी होती, त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. आम्ही झोपायच्या वेळी ते घरापासून ४० किलोमीटरवर असायचे आणि आम्ही शाळेत असताना घरी येऊन झोपायचे.

मला लहानपणी त्या वळकटीचा हेवा वाटायचा. चौथीत 'माझे बाबा' या निबंधात मी लिहिलं होतं, की माझे बाबा रोज सहलीला जातात आणि बसमध्ये झोपतात. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, सगळे हसले. घरी आल्यावर बाबाही हसले होते. आता अठ्ठाविसाव्या वर्षी मी तोच निबंध पुन्हा लिहिला होता, या वेळी डॉलर मोजून.

रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलं बघायला लागले. आरव्ही रद्द केली तर थोडे पैसे बुडणार होते, बुडू देत. घरी फोन करून सांगितलं, "बाबा, आपण हॉटेलात राहू." ते म्हणाले, "बघू." बाबांचं 'बघू' म्हणजे काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

चार दिवसांनी त्यांचा स्वतःहून फोन आला. आमच्या घरात फोन आई लावते, बाबा शेवटी दोन मिनिटं बोलतात. म्हणून मी दचकलेच.

"गाडीची लांबी किती?"

"पंचवीस फूट."

"उंची?"

मी शीट उघडली. "साडेअकरा."

"मागच्या चाकांच्या मागे किती उरते?"

हा कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हता. "ते बघ," ते म्हणाले. "वळताना पुढचं सगळे बघतात. मागचं बाहेर फेकलं जातं, ते कोणी बघत नाही."

मग रोज एक-दोन प्रश्न येऊ लागले. कॅम्पग्राउंडवर झाडं आहेत? मग मोठ्या झाडाखालची जागा घेऊ नकोस, वाऱ्यात फांदी येते. जमीन कशी आहे? डांबरी असेल तर बरं, मातीत चाक बसलं की सकाळी हलत नाही. मी रिव्हर्स टाळायला आरपार निघता येईल अशा जागा शोधत होते, तेही त्यांना पटेना. "रिव्हर्स शिक. गाडी रात्री लावतानाच तोंड बाहेर करून लावायची. अडचण आली तर पहाटे, पावसात, झोपेत रिव्हर्स मारायची वेळ येऊ नये." कॅम्पग्राउंडवर जागा चारनंतर मिळते आणि नोव्हेंबरात इथे सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. म्हणजे रिव्हर्सला उजेड अर्धा-पाऊण तासच. हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "पुरे होतो."

शेवटी मी धीर करून विचारलं, "तुम्हाला चालवायची आहे का?"

"छे. या वयात उजव्या बाजूने चालवायला शिकायचं नाही. तू चालव. मी पुढे क्लिनर साइडला बसेन." थोडं थांबून म्हणाले, "एक मात्र कर, बाय. सकाळचं सुटायचं नको ठेवूस."

"म्हणजे उशिरा निघू? दहाला?"

"निघायचंच नाही. ३१ वर्षं रात्री जिथे गाडी लावली, तिथून उजाडायच्या आत निघालो. काय काय गावं होती. उजेडात बघितलीच नाहीत."

मी फोन ठेवला आणि शीट उघडली. ब्रूकिंग्स काढलं. मधले मुक्काम काढले. आठ वाजताच्या प्रस्थानाच्या ओळी एकेक करून काढल्या. आता फक्त फोर्ट स्टीव्हन्स उरलंय, तीन रात्री, एकच जागा. कोलंबिया नदीच्या मुखाशी, समोर वाळूत १९०६ साली रुतलेल्या 'पीटर आयरडेल' जहाजाचा गंजलेला सांगाडा. तोही तिथून निघालेला नाही.

आई-बाबा येऊन आता दहा दिवस झाले. काल बाबांनी माझ्या कारमधून इथल्या एका मोठ्या, रिकाम्या पार्किंगची पाहणी केली. परवा आरव्ही ताब्यात आली की आधी तासभर तिथे रिव्हर्स, मगच हायवे. ही ओळ शीटमध्ये त्यांनी घालायला लावली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे रकाने रिकामे आहेत. हवामानखातं दोन्ही दिवस पाऊस सांगतंय.

आज बॅगा भरताना आई विचारत होती, तिथे पांघरुणं मिळतात ना. मिळतात, मी म्हटलं. बाबा काही बोलले नाहीत. मघाशी बघितलं तर दारापाशी त्यांची वळकटी बांधून ठेवलेली आहे. गावाहून बॅगेत तळाशी घालून आणली होती म्हणे.