भुजंगधारीतला वाटसरू

गच्चीवर अंथरुणं टाकून झोपलेल्या उन्हाळ्यांनी माझी एक समजूत पक्की केली होती. ग्रह भटके असतात, चंद्राच्या वेळा बदलतात, पण तारे आपापल्या जागी बसलेले असतात. आजोबांनी दाखवलेलं नक्षत्र नातवाला तसंच सापडतं. बर्नार्डच्या ताऱ्याविषयी वाचलं आणि ही समजूत गेली. तिच्या जागी जे आलं, ते मला अधिक प्रिय आहे.

हा लाल बटू तारा भुजंगधारी तारकासमूहात आहे. आपल्यापासून जेमतेम सहा प्रकाशवर्षं; ‘मित्र’ नावाच्या ताऱ्याचं त्रिकूट सोडलं तर सूर्याला याहून जवळचा तारा नाही. तरी नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. त्याचं वस्तुमान सूर्याच्या सहाव्या हिश्शाएवढं, तेज अगदी मंद. पण त्याचं वय सूर्याच्या दुपटीच्या घरात आहे आणि तो आपलं इंधन इतक्या काटकसरीने जाळतो, की सूर्य विझल्यावरही अब्जावधी वर्षं तो तेवत राहील.

एडवर्ड इमर्सन बर्नार्ड १८५७ साली नॅशव्हिलमध्ये जन्मला, तो वडील गेल्यानंतर. घरात दारिद्र्य. नवव्या वर्षी तो एका छायाचित्रकाराकडे कामाला लागला. छायाचित्रं मोठी करणारं एक अवजड यंत्र तिथे होतं. ते दिवसभर सूर्याकडे वळवत ठेवायचं, हे त्याचं काम. आकाशातली वस्तू सरकते आणि तिच्यामागे आपणही सरकायचं असतं, हे त्या पोराच्या हातांना तेव्हाच कळलं असेल, असं मला फार वाटतं. पुढे १९१६ मध्ये, यर्कीज वेधशाळेत, छायाचित्राच्या नव्या काचेवरचा एक ठिपका त्याला १८९४ च्या जुन्या काचेवर वेगळ्याच जागी दिसला. हाच तो तारा, वर्षाला १०.३ विकला सरकणारा! एवढी निजगती, म्हणजे आकाशात सरकण्याचा वेग, दुसऱ्या कुठल्याच ताऱ्याची नाही. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं अंतर तो सुमारे पावणेदोनशे वर्षांत तोडतो. ताऱ्यांच्या हिशेबात ही धावच म्हणायची.

मला मात्र अधिक जवळचा वाटतो पीटर व्हान दे काम्प. स्वार्थमोर कॉलेजच्या स्प्राऊल वेधशाळेत त्याने १९३८ पासून या ताऱ्याची छायाचित्रं जमवली. ताऱ्याच्या सरळ वाटेत त्याला बारीकशी थरथर दिसली, जणू कुणी ताऱ्याला ओढत होतं, आणि १९६३ मध्ये त्याने जाहीर केलं, की तिथे गुरूहून मोठा एक ग्रह आहे. दहा वर्षांनी इतरांच्या मोजमापांत ती थरथर सापडेना. त्याच वेधशाळेच्या जुन्या काचा तपासल्यावर दिसलं, की दुर्बिणीच्या भिंगाची जुळणी बदलली तेव्हा दुसरे तारेही तसेच हलले होते. थरथर दुर्बिणीची होती. व्हान दे काम्पने हे कधीच मान्य केलं नाही. १९९५ मध्ये तो गेला. त्याला हट्टी म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. एका अंधूक ठिपक्याकडे कुणी इतकी वर्षं टक लावून पाहिलं, याचं मोल निष्कर्ष चुकला म्हणून बुडत नाही.

आणि ग्रह आहेत! २०२४ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने एक पकडला, २०२५ मध्ये हवाईतल्या वेधांनी चारांवर शिक्कामोर्तब केलं. चारही पृथ्वीहून हलके, काही दिवसांत प्रदक्षिणा उरकणारे, पाणी टिकणार नाही इतके तापलेले. व्हान दे काम्पचा महाकाय ग्रह त्यांत नाही.

तारा आपल्याकडेच येतो आहे, सेकंदाला ११० किलोमीटर वेगाने. इसवी सन ११८०० च्या सुमारास तो पावणेचार प्रकाशवर्षांवर असेल, मग दूर जाऊ लागेल. तेव्हाही त्याला पाहायला दुर्बीणच लागेल.

मे सरता सरता, पाऊस यायच्या आत, मध्यरात्री वृश्चिकाच्या उत्तरेला भुजंगधारी चांगला वर आलेला असतो. लहान दुर्बीण आणि नकाशा घेऊन तो ठिपका शोधा. शेजारच्या ताऱ्यांसह त्याची जागा कागदावर काढा, खाली तारीख घाला आणि कागद घरातल्या लहान मुलाच्या हाती द्या. दहा वर्षांनी त्याला पुन्हा पाहायला सांगा. तारा सरकलेला असेल.