सेलोटेप ते सॉफ्टवेअर, व्हाया कोकणकडा

कोकणकड्यावर पोहोचलेला माणूस आधी 'आईशप्पथ!' म्हणतो आणि मग कॅमेरा काढतो. मीही तेच केलं आणि घरी येऊन कपाळावर हात मारला. हरिश्चंद्रगडाचा हा कडा आत वाटीसारखा वळलेला. एका फोटोत मावतच नाही. डावीकडचा घ्यावा तर उजवीकडचा सुटतो, आणि वाइड लेन्स लावली तर एवढा थोरला कडा तळ्याच्या काठासारखा दिसतो.

आमच्या घरात हे प्रकरण जुनंच. बाबा १९८४ साली खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे वर गेले होते. अल्बममध्ये पुरावा आहे: सेलोटेपने एकमेकांना चिकटवलेले पाच फोटो. टेप पिवळी पडलीय आणि तिसऱ्या-चौथ्या फोटोच्या मधला कडा गायब. आता बाबांचे दोन्ही गुडघे बदललेत. "आता काही कडा दिसत नाही मला," ते सहज बोलून गेले आणि मी भिंतभर फोटो कबूल करून बसले.

पहिला प्रयत्न सपशेल आपटला. पाचनईहून चढले, कॅमेरा ऑटोवर ठेवून जागच्या जागी गिरकी घेत फोटो काढले आणि ते ह्यूगिनमध्ये टाकले. ('ह्यू' नीट म्हणा, नाहीतर घरात हशा पिकतो.) हेल्मुट डेर्शच्या 'पॅनोरमा टूल्स'वर उभं असलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शेजारशेजारच्या फोटोंत सारखे असलेले बिंदू हुडकून ते फोटो एकमेकांवर बसवतं. माझ्या फोटोंचं त्याने काय केलं? आभाळाला झेब्य्रासारखे पट्टे, काठावरचा खडक मधोमध तुटलेला आणि पालथा पडून खाली बघणाऱ्या आमच्या मित्राला दोन डोकी!

चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. ऑटोमुळे प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा. आणि मी स्वतःभोवती फिरले म्हणजे कॅमेरा हातभर सरकला. लांबच्या डोंगरांना त्याने फरक पडत नाही, पण पायाजवळचा खडक मागच्या देखाव्यावरून सरकतो. मग तो जुळणार कसा? एक डोळा मिटून बोट बघा, मग दुसरा मिटून बघा, लगेच कळेल.

डिसेंबरमध्ये पुन्हा गेले. या वेळी ट्रायपॉड, कॅमेरा उभा आणि फिरणं लेन्सभोवती, माझ्याभोवती नव्हे. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. पोलरायझर काढून ठेवला, त्याने आभाळ एकीकडे गडद आणि एकीकडे फिकं येतं. दुपारी चारची वेळ साधली: पश्चिमेचं ऊन कड्यावर असतं आणि सूर्य अजून फ्रेममध्ये उतरलेला नसतो. नऊ फोटो, प्रत्येकात आधीच्याचा एक-तृतीयांश भाग. मिनिटभरात काम संपलं. मग झोपडीत गरम पिठलं-भाकरी. (ट्रेकला जायचं खरं कारण हेच असतं, मान्य करा.)

खरी मेहनत घरी. आभाळात सॉफ्टवेअरला पकडायला काही सापडेना, आणि ढगांवर जे बिंदू त्याने धरले होते ते ढगच सरकलेले. ते पुसून मी कातळाच्या भेगांवर हाताने बिंदू दिले. एवढ्या रुंद देखाव्याला सपाट प्रोजेक्शन दिलं की कडेचे डोंगर ताणले जातात, म्हणून सिलिंड्रिकल. पाचव्या फोटोत एक अनोळखी ट्रेकर काठावर येऊन झोपला होता, सहाव्यात तो नव्हता. मास्क लावून त्याला साफ उडवता आलं असतं. उडवूनही पाहिलं, तर कडा एकदम लहान झाला. परत आणला त्याला.

शेवटी सुमारे २५,००० पिक्सेल रुंद फाइल, सात फुटी प्रिंट. बाबांनी चष्मा लावला आणि डावीकडून बोट फिरवायला सुरुवात केली. जिथे त्यांच्या अल्बमात कडा नाही, तिथे ते बराच वेळ थांबले. मग बोट पुढे सरकून त्या झोपलेल्या माणसावर आलं.

"हा कोण गं?"

"माहीत नाही. काढून टाकू?"

"छे! मीपण असाच झोपलो होतो. मागून दोघांनी पाय धरले होते."