जॅकीचान अहिराणी बोलतो तेव्हा...

आधी एक सोप्पं गणित. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांची २०११ची लोकसंख्या मिळवा. उत्तर येतं सुमारे ७९ लाख. आता हाँगकाँगची बघा : आजच्या घडीला ७५ लाखांच्या आसपास. म्हणजे आपलं खान्देश हाँगकाँगपेक्षा अंमळ मोठंच, बॉस!

फरक एवढाच, की त्या टीचभर शहराने अख्ख्या जगाला पोलीस-पिक्चर कसा करायचा ते शिकवलं. तोही मँडरिनमध्ये नाही, इंग्रजीत नाही, तर आपल्या घरच्या भाषेत, कँटोनीजमध्ये. आणि खान्देशने? खान्देशने ते पिक्चर शिट्ट्या मारत बघितले. आता खान्देशातली पोरं स्वतःचा पोलीस-पिक्चर करू बघतायत. त्यांची गाडी कुठे अडते, ते पाहायला मी एका थंडीच्या वीकेंडला जळगाव-धुळे करून आले.

‘चिनी फायटिंग’, आज तीन शो

जळगाव म्हटलं की सोनं, केळी आणि भरीत. थंडीत तर इथे भरिताच्या पार्ट्यांचा सीझन असतो. हिरवी-पांढरी मोठी वांगी काडीकचऱ्याच्या जाळावर भाजायची, बडगीत कुटायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. पोट फुल्ल झाल्यावर मी भेटायला गेले एका काकांना. आता त्यांचं मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी याच गाळ्यात त्यांचं व्हिडिओ सेंटर होतं. एक कलर टीव्ही, एक व्हीसीआर, चार बाकडी आणि खिडकीला गोणपाट.

“पिक्चरचं नाव आम्हालाच वाचता यायचं नाही. मग पाटीवर काय लिहायचं? ‘चिनी फायटिंग’! खाली ‘जॅकीचान’. बस, बाकडी भरली,” काका सांगतात. इथे ‘जॅकीचान’ हा एकच शब्द आहे बरं का. आडनाव वगैरे भानगड नाही.

कॅसेटवर भाषा कधी इंग्रजी, कधी भलतीच. समोर बसलेले हमाल, गॅरेजवाली पोरं, बाजाराला आलेले शेतकरी. त्यांना काय कळणार? मग काकांनी एक फंडा काढला. टीव्हीशेजारी उभं राहायचं आणि स्टोरी सांगत जायची. मराठीत नाही, अहिराणीत.

“आते देखा, हाऊ उडी मारी!” दुकानात गिऱ्हाईक उभं असताना काकांनी मला तो आवाज काढून दाखवला. म्हणजे, आता बघा, हा उडी मारणार! व्हिलनला शिव्या अहिराणीत, हिरोइनची समजूत अहिराणीत आणि पोलीस साहेबांचे हुकूमही अहिराणीत. पब्लिक म्हणे पुढे पुढे कॅसेट कुठली आहे ते विचारायचंच नाही. विचारायचं, “काका सांगणार आहेत ना?”

हे ऐकून तुम्हाला गंमत वाटली असेल. मलाही वाटली. पण धुळ्याला पोचल्यावर कळलं, की काकांनी त्या गाळ्यात केलं ते किती अवघड काम होतं.

काचा फुटल्या त्या कुठल्या भाषेत?

काकांना सगळ्यात जास्त आठवतो तो पिक्चर म्हणजे ‘पोलीस स्टोरी’. १९८५चा. दिग्दर्शक जॅकी चान, हिरोही तोच. सुरुवातीला डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीतून गाड्या घरं फोडत खाली येतात. शेवटी मॉलमधली मारामारी, आणि त्यात एवढ्या काचा फुटतात, की युनिटमधले लोक या पिक्चरला गमतीने ‘ग्लास स्टोरी’ म्हणायचे. दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या उंच खांबावरून जॅकी सरसर घसरत खाली येतो तो शॉट आठवतोय? त्यात त्याचे हात भाजले होते, पाठीला मार बसला होता. नो डुप्लिकेट! पुढच्या वर्षी हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये हाच बेस्ट पिक्चर ठरला.

माझ्या पिढीने तो टीव्हीवर हिंदी डबिंगमध्ये बघितला. त्यामुळे जॅकी मूळ कुठली भाषा बोलतो हा प्रश्न आपल्याला पडलाच नाही. आणि खरी स्टोरी तर तिथेच आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये कँटोनीज सिनेमा जवळपास संपला होता. १९७२ साली तर तो जवळजवळ निघालाच नाही. बाजार मँडरिनचा होता. स्टुडिओ मोठे, बजेट मोठं, भाषा ‘मोठी’. कँटोनीज म्हणजे घरात आणि भाजीबाजारात बोलायची. खुद्द ब्रूस ली कँटोनीज बोलत मोठा झाला, पण त्याचे ‘द बिग बॉस’ आणि ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आले मँडरिनमध्ये. सरकारी कारभार तर इंग्रजांचा. चिनी भाषेला तिथे अधिकृत दर्जा मिळाला १९७४ साली.

मग १९७३मध्ये ‘द हाऊस ऑफ ७२ टेनंट्स’ नावाचा पिक्चर आला. चाळकऱ्यांची धमाल कॉमेडी, तीही कँटोनीजमध्ये. त्या वर्षी हाँगकाँगच्या तिकीटबारीवर त्याने ‘एन्टर द ड्रॅगन’लाही मागे टाकलं! लोकांना आपली भाषा पडद्यावर ऐकायची होती, इतकं सोप्पं होतं ते. कॉमेडीने दार उघडलं आणि पुढे त्याच दारातून ॲक्शन आत शिरली, पोलीस शिरले, २००२चा ‘इन्फर्नल अफेअर्स’ शिरला. त्यात पोलीस खात्यात गुंडांचा माणूस आणि गुंडांमध्ये पोलिसांचा. हॉलिवूडने त्यावरून ‘द डिपार्टेड’ काढला आणि २००७मध्ये बेस्ट पिक्चरचं ऑस्कर नेलं. मूळ चिनी नाव कशावरून आलंय माहितेय? बौद्ध ग्रंथांतल्या अवीची नरकावरून. म्हणजे संस्कृत आपली, नरक आपला आणि पिक्चर त्यांचा!

एरंडोल, पारोळा आणि आईची भाषा

जळगावहून धुळ्याला एसटीने जायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटर. मध्ये एरंडोल लागतं, भुईकोट किल्ल्याचं पारोळा लागतं. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बायका. शेजारच्या आजींनी विचारलं, “कथा जाई ऱ्हायनी ताई?” मला कळलं, कुठे चाललीस. पण उत्तर मराठीतच सुचलं.

माझी आई धुळ्याची. लग्न होऊन पुण्यात आली आणि तिने अहिराणी कपाटात ठेवून दिली. फोनवर मामाशी बोलताना तेवढी बाहेर निघते, तीही हळू आवाजात. आम्हा भावंडांना समजते, बोलता येत नाही. अशी घरं तुमच्या ऑफिसातही चार-दोन निघतील. विचारून बघा.

आकडेही तेच सांगतात. जनगणनेत खान्देशी ही वेगळी भाषा मोजली जाते आणि अहिराणी तिच्यात येते. २००१मध्ये ही भाषा सांगणारे होते सुमारे २०.७ लाख. २०११मध्ये १८.६ लाख. दहा वर्षांत माणसं वाढली, भाषा सांगणारी कमी झाली. काहींनी घरी अहिराणी बोलूनही फॉर्मवर मराठी सांगितली असेल. पण असं का करावंसं वाटतं, तोच तर मुद्दा आहे.

पांझरेच्या पात्रात शूटिंग

धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच... पत्ता सांगायला एकदम सोयीचं, आणि पाठलागाचा सीन लावायचा तर त्याहून झक्कास. आग्रा रोडची गर्दी, हातगाड्या, मध्येच घुसणारी रिक्षा. हाँगकाँगचा कुठलाही ॲक्शन डायरेक्टर इथे खूश होईल.

इथली तीन कॉलेजची पोरं एक पोलीस-पिक्चर करतायत. शॉर्ट फिल्म, वीस मिनिटांची. कॅमेरा म्हणजे मोबाइल, ट्रॉली म्हणजे मित्राची बाइक, पोलिसाचा ड्रेस भाड्याचा. प्रेरणा शोधायला लांब जायला नको. पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथे नासिर शेख यांनी २०००च्या सुमारास जेमतेम पन्नासएक हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ केला. नासिर स्वतः व्हिडिओ पार्लरवाले. फैजा अहमद खान यांनी या वेडावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी केली आणि २०२५मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ थिएटरात आला. आज खान्देशी कॉमेडी व्हिडिओ, छोटू दादाचे तर विशेष, यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितले जातात. पण तिथे बोली बहुतेक हिंदीची. अहिराणी गाजते ती गाण्यांत. लग्नाच्या हळदीला ‘हाई झुमका वाली पोर’ वाजलं नाही असं हल्ली होत नाही.

पांझरेच्या कोरड्या पात्रात मी त्यांचं शूटिंग बघत बसले. चोर ओरडला, “पोलीस उना रे, पय!” (पोलीस आला रे, पळ!) मागून इन्स्पेक्टर धावत आला आणि दरडावला, “थांब! एक पाऊलही पुढे टाकू नकोस!”

तुमच्या लक्षात आलं? चोर अहिराणीत, साहेब शुद्ध मराठीत.

ब्रेकमध्ये डायरेक्टरला विचारलं, असं का? तो म्हणाला, “ताई, साहेब अहिराणी बोलला ना, तर लोक हसतील. सीरियस नाही वाटणार.” इन्स्पेक्टर झालेला पोरगा म्हणाला, “आणि साहेब बाहेरगावहून बदलीवर येतात. ते कुठे अहिराणी बोलतात?”

दुसरा मुद्दा खरा आहे. पहिला मात्र माझ्या डोक्यात घुमत राहिला. म्हणजे आपल्या भाषेत नाचायचं, हसवायचं, चोरी करून पळायचं. पण हुकूम द्यायचा झाला, की भाषा बदलायची. माझ्या आईने पुण्यात तेच केलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिलाही ‘लोक हसतील’ असंच वाटलं असणार.

मी पोरांना जळगावच्या काकांची गोष्ट सांगितली. त्यांच्या गाळ्यात पोलीस साहेब अहिराणीत हुकूम सोडायचा आणि बाकड्यांवरचं पब्लिक श्वास रोखून बसायचं. कुणी हसत नव्हतं. मग मोबाइलवर ‘पोलीस स्टोरी’तला टेलिफोनचा सीन लावला, कँटोनीजमध्ये. जॅकी चौकीत एकटा, चार-पाच फोन एकदम वाजतायत, वायरींचा गुंता झालाय, तो हा फोन कानाला तर तो खांद्यावर. पोरं हसून लोळली. पुढच्याच मिनिटाला मी मॉलमधला शेवट लावला. आता सगळे गप्प. तोच माणूस, तीच भाषा, तोच आवाज.

मला एवढंच म्हणायचं होतं. लोक हसले म्हणून साहेबाचं वजन कमी होत नाही. हाँगकाँगचा हिरो ड्युटीवर हसवतो आणि तरीही हिरो राहतो, कारण तो शेजारच्या घरातला वाटतो. त्या पोलिसाचा वरचा कारभार इंग्रजीत चालत होता. पण पब्लिकने आपला मानला तो भाजीबाजाराच्या भाषेत बोलणारा.

इन्स्पेक्टरवाला पोरगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “साहेब नको. पण हवालदार तर इथलाच असतो ना?” त्यावर तिघांची जोरात चर्चा सुरू झाली. हवालदाराला हिरो करायचं तर स्क्रिप्ट निम्मी बदलावी लागेल, ड्रेस परत भाड्याने आणावा लागेल, परीक्षा जवळ आलीय... अंधार पडेपर्यंत काही ठरलं नव्हतं. पण एक गोष्ट मी नोंदवून ठेवली : ही सगळी वादावादी अहिराणीत चालली होती आणि ती अत्यंत सीरियस होती.

वीकेंड प्लॅन

कसं जाल : जळगाव मुंबई-हावडा मुख्य रेल्वेमार्गावर आहे, मुंबईहून सुमारे ४२० किलोमीटर. जळगाव-धुळे एसटीने किंवा गाडीने जा. धुळ्याला चाळीसगावहून रेल्वेचा फाटाही आहे.

काय खाल : थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी. एरवी शेवभाजी. झणझणीत असते, ताक सोबत घ्या!

काय बघाल : जळगावला जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ, पांझरेकाठचं एकवीरा देवीचं मंदिर आणि आग्रा हायवेवरचा लळिंग किल्ला. एक दिवस जास्त असेल तर जळगावहून अजिंठा जवळच.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा हिरोगिरी नको.

जाण्याआधी होमवर्क : ‘पोलीस स्टोरी’ आणि ‘इन्फर्नल अफेअर्स’. हिंदी डबिंग नको, मूळ कँटोनीजच ऐका. आणि घरात कुणी खान्देशचं असेल तर त्यांना शेजारी बसवून स्टोरी सांगायला लावा. अहिराणीत.