सटाण्याहून ओझरापर्यंत

सटाण्याहून नाशिकास निघणारा मनुष्य बहुधा देवमामलेदारांस हात जोडूनच मोटारीत बसतो. देवळ्यावरून मुंबई-आग्रा रस्त्यास लागावे, पिंपळगाव बसवंत मागे टाकावे, की ओझरचा विमानांचा कारखाना येतो. मिग-21 विमानांकरिता 1964 साली तो स्थापन झाला. सांगाडा ओझरास, एंजिने ओडिशातील कोरापुटास, विद्युत्-साधने हैदराबादेस, अशी कामाची वाटणी झाली. इतक्या दूरदूरची कामे एका मुहूर्तावर जुळवावयाची कशी, हा प्रश्न तेथून जाताना मनात आल्यावाचून राहत नाही.

त्याचे उत्तर आमच्या गृहिणींस ठाऊक आहे. दोनशे पानांचे पुरणपोळीचे जेवण ठरले म्हणजे त्या प्रथम डाळ, गूळ, कणीक किती ते काढतात. कोठीतील शिल्लक वजा करतात. मग पंक्तीच्या वेळेपासून मागे मोजीत दळण केव्हा, डाळ शिजत केव्हा घालावयाची, ते ठरवितात. कारखान्यातही हेच त्रैराशिक. मात्र तेथे भागाच्या पोटात भाग, त्याच्या पोटात आणखी भाग, असे सहस्रावधी! कारकुनांनी चिठ्ठ्यांवर हिशेब पुरा करावा तो मागणीच बदलावी. कोठारे भरलेली आणि नेमका एक बोल्ट नाही, ही अवस्था अवजड यंत्रांच्या कारखान्यांत नेहमीची होती.

1961 च्या सुमारास अमेरिकेत जे. आय. केस या ट्रॅक्टरच्या कारखान्यात जोसेफ ऑर्लिकी यांनी हा हिशेब गणकयंत्रावर चढविला. आपल्याकडे त्या वेळी मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येथेच घडविलेले ‘टिफ्रॅक’ 1960 पासून चालू होते. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या, आणि स्मरण अवघ्या 2,048 शब्दांचे! पण त्याचे काम शास्त्रीय गणिताचे, कारखानदारीचे नव्हे.

ऑर्लिकींचा सिद्धांत नैयायिकासही मानवावा. ट्रॅक्टर किती खपतील हे अनुमान. पण ते एकदा ठरले की चाके किती लागतील हे अनुमानाने सांगू नये, ते गणित आहे. 1975 साली त्यांनी यावर ग्रंथही लिहिला.

वरचा आकडाच चुकला, तर यंत्र तीच चूक खालच्या प्रत्येक खिळ्यापर्यंत बिनचूक पोहोचविते, हे मात्र लक्षात ठेवावे. आमच्या बागलाणच्या कांदेकऱ्यास बियाणे, खत, मजूर यांचा हिशेब तोंडपाठ असतो. त्याला अडते ते वरच्याच आकड्याशी: चाळीत साठविलेला कांदा बाहेर काढावयाच्या दिवशी किती जणांस हवा असेल?